बग्गीतलं उलटं बाक

घोड्या कालच लख्ख झाल्या होत्या, तरी एल्डन मेसिक सकाळपासून त्यांच्या अंगावरून खरारा फिरवत होता. काहीतरी बोलायचं असतं आणि बोलता येत नाही, तेव्हा माणसाला हातांना असलं काही काम लावून द्यावं लागतं. पर्ल या पांढऱ्या घोडीने मान झटकून पुरे म्हणून सांगून पाहिलं. जुनो तिच्याहून शहाणी, ती डोळे मिटून उभी राहिली.

"अजून घासलंस तर कातडं हातात येईल," तबेल्याच्या दारातून ओपल म्हणाली. एल्डनशी लग्न करून ती म्हातारी झाली होती, आणि त्याच्याशी गोड बोलण्याची सवय तिने फार पूर्वीच सोडली होती.

"ती येईल ना गं?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."

"माझा फोन घेत नाही ती."

"मग पर्लला विचार. सकाळपासून तिच्याशीच गुलूगुलू चाललंय तुझं."

ती म्हणजे कोरीन, त्यांची एकुलती एक मुलगी. दोन दिवसांपूर्वी, मंगळवारी, ती डेलावेअर राज्याच्या नायब राज्यपालपदाची निवडणूक हरली होती. आणि आज गुरुवार, म्हणजे रिटर्न डे. या दिवशी ससेक्स जिल्ह्यातलं झाडून सारं माणूस जॉर्जटाउनला लोटतं. निकाल तर शेंबड्या पोरालाही ठाऊक झालेला असतो, पण कोर्टाच्या सज्जातून उंच टोपीवाला दवंडीवाला तो पुन्हा वाचून दाखवतो आणि लोक जणू आत्ताच कळलं अशा थाटात ऐकतात. भाजलेल्या बैलाचं मांस पावात घालून फुकट वाटतात. दोन्ही पक्षांचे पुढारी एकाच कुऱ्हाडीला हात लावून ती वाळूच्या पेटीत पुरतात. भांडण मिटलं, असं त्या दिवसापुरतं तरी म्हणायचं.

पण खरी गंमत बग्ग्यांची. जिंकलेला आणि हरलेला एकाच बग्गीत बसून गावातून फिरतात, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून. जिंकलेला पुढे तोंड करून बसतो आणि हरलेला मागे तोंड करून. हरलेला आला नाही, तर कायदा काही त्याला धरून नेत नाही. पण एल्डनच्या तरुणपणी एक जण आला नव्हता, त्याच्या नातवालाही अजून लोक "तो न आलेल्याचा" म्हणून ओळखतात.

नायब राज्यपालपदाच्या उमेदवारांना यंदा बसवायचं होतं एल्डनच्याच बग्गीत. मिरवणुकीच्या समितीने ते उन्हाळ्यातच ठरवलं होतं, तेव्हा सगळ्यांना त्यात मौज वाटली होती. एल्डनलाही वाटली होती. पोरगी जिंकली तर तोंड पुढे, हरली तर मागे, बग्गी हाकणार बाप, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला होता. एल्डनच्या तोंडाला कुलूप म्हणून कधी नव्हतंच, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

झालं होतं असं. डेलावेअर राज्य ते केवढं, तळहाताएवढं, पण त्याला मधोमध आडवा कालवा आहे आणि त्याने माणसांची वाटणी केली आहे. कालव्याच्या वरचे म्हणजे विल्मिंग्टनचे, बँकांचे, वकिलांचे. कालव्याच्या खालचे म्हणजे कोंबड्यांच्या शेडचे, मक्याचे, सोयाबीनचे. कोरीन वकिली करायला वर गेली आणि तिथेच राहिली. शिक्षा भोगून बाहेर आलेली माणसं, ज्यांना जुन्या गुन्ह्यापायी कुणी कामावर ठेवत नाही, त्यांना सरकारी माफी मिळवून देण्यात तिने आपली उमेदीची वर्षं घातली. नायब राज्यपालाला काम काय, तर रोज सकाळी राज्यपालाची तब्येत विचारायची, असं लोक हसून म्हणत. पण माफी देणाऱ्या मंडळाचा प्रमुख तोच असतो, आणि कोरीनला ती खुर्ची त्यासाठी हवी होती. मनापासून हवी होती.

सप्टेंबरात अग्निशमन केंद्राच्या रविवारच्या नाश्त्याला एल्डनला कुणीतरी डिवचलं, "काय एल्डन, तुझी पोर अजून आपली आहे का गेली पार तिकडची?" समोर तव्यावरून नुकतंच उतरलेलं स्क्रॅपल होतं. डुकराचं उरलंसुरलं मांस नि मक्याचं पीठ शिजवून थापलेल्या त्या वड्या, खरपूस भाजलेल्या. इकडच्या माणसाचा जीव असतो त्यात. एल्डनला चार माणसं दिसली की चेव चढतो. तो म्हणाला, "आमची कोरीन? ती केव्हाच कालव्याच्या वरची झाली. तिला आता स्क्रॅपलसुद्धा घशाखाली उतरत नाही."

टेबल हसलं. शेजारच्या टेबलावर कोरीनच्या विरुद्ध उभ्या असलेल्या वेंडल ट्रुइटच्या प्रचाराचा एक माणूस फोन समोर धरून बसला होता. पुढच्या आठवड्यात ते वाक्य एल्डनच्याच आवाजात रेडिओवर वाजलं, आणि मागून एक बाई गोड आवाजात म्हणाली, तिचा बापच सांगतोय. मतदानाच्या दिवसापर्यंत ते वाजत राहिलं. ट्रकमध्ये वाजलं, न्हाव्याकडे वाजलं, कोंबड्यांच्या शेडमध्ये वाजलं. वर कोरीनला भरघोस मतं पडली, पण खाली, आपल्याच माणसांत, ती सपाटून आपटली आणि त्यातच निवडणूक गेली.

ती जाहिरात पहिल्यांदा वाजली, त्या दिवसापासून ती बापाशी बोलली नव्हती. फोन यायचा तो आईला. एल्डन जवळ घुटमळायचा, ओपल त्याला हाताने बाजूला सारायची.

"शिक्षा झालेल्या परक्या माणसांसाठी झगडतेस," ओपल एकदा फोनवर तिला म्हणाली होती, "आणि बापाची सुनावणीसुद्धा घेत नाहीस?"

तिकडून काय उत्तर आलं ते तिने एल्डनला सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही, कारण त्याला भीती वाटली.

"उलटं बसलं की तिला मळमळतं," तो आता म्हणाला. "लहानपणी आठवतं ना? चर्चपर्यंतसुद्धा जायचं नाव नको. उलट्या बाकावर बसवली की पोर हिरवी पडायची."

ओपल घरात गेली आणि पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी आणून त्याच्या कोटाच्या खिशात कोंबली. मग त्याचा टाय सरळ केला, नको तेवढा घट्ट केला.

"येईल रे," ती म्हणाली. "माझी पोर आहे."

*

जॉर्जटाउनला गल्लीत बग्ग्या ओळीने लागल्या होत्या. हवा थंड आणि स्वच्छ होती, भाजलेल्या मांसाचा वास सगळ्या गावावर पसरला होता. ओपल चौकात आपल्या मैत्रिणींकडे गेली. एल्डन उंच बैठकीवर लगाम धरून बसला आणि मान वर करकरून माणसं न्याहाळू लागला.

आधी वेंडल आला. वेंडल ट्रुइट म्हणजे मेसिकांच्या कुंपणापलीकडचा. कोरीन आणि तो एकाच शाळेच्या गाडीतून गेलेले, एकाच तळ्यात पडलेले. घोडा हाकायला त्याला एल्डननेच शिकवलं होतं, याच बग्गीवर, कारण वेंडलच्या बापाला जनावरांचं वावडं होतं. आता तो राज्याचा नायब राज्यपाल होणार होता, पण बग्गीशी येऊन उभा राहिला तो खिडकीची काच फोडून आल्यासारखा.

"नमस्कार, एल्डनकाका."

"ये. अभिनंदन."

"काका, ती जाहिरात. मला थांबवता आली असती. माणसं म्हणाली, चालतेय तर चालू दे. आणि मी चालू दिली."

एल्डनने खाली त्याच्याकडे पाहिलं. रागवायला त्याला फार आवडलं असतं. कितीतरी दिवस तो त्याची तयारी करत होता. पण ऐन वेळी राग काही केल्या येईना.

"तू वाजवलीस," तो म्हणाला. "बोललो मी होतो ना. बस वर."

वेंडल चढला आणि पुढे तोंड असलेल्या बाकावर बसला. समोरचं उलटं बाक रिकामंच. पुढच्या बग्ग्या हलायला लागल्या. समितीचा माणूस हाताने खुणावू लागला, चला, चला. एल्डनने लगाम उचलला नाही. पर्ल अधीर होऊन पाय आपटू लागली.

"नाही आली तर," वेंडल हळूच म्हणाला, "आपण जायचं का असंच?"

"ती येईल," एल्डन म्हणाला. त्याला मुळीच खात्री नव्हती.

आणि मग ती दिसली. निळा कोट, केस वाऱ्याने विस्कटलेले, लोकांशी हात मिळवत, थांबत, हसत येत होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. एल्डनला वाटलं उडी मारून खाली उतरावं. पण उतरून बोलायचं काय, ते सुचलं नाही, म्हणून तो बसूनच राहिला.

वेंडल लगबगीने उठला. "कोरीन, तू इकडे बस. तुला उलटं बसवत नाही. मला चालतं कसंही."

"तुझी जागा ती," ती म्हणाली. "हरलेल्यानं उलटं बसायचं असतं. मी कालव्याच्या वरची असले तरी एवढं माहीत आहे मला."

वेंडल मुकाट बसला. कोरीन चढली. उलटं बाक बग्गी हाकणाऱ्याच्या बैठकीला अगदी चिकटून होतं. ती बसली तशी तिच्या पाठीचा धक्का फळीला बसला, आणि फळीवरून तो एल्डनच्या पाठीला लागला. इतक्या दिवसांत पोर इतकी जवळ आली नव्हती. आणि तोंड मात्र एकाचं पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. एल्डनने लगाम हलवला.

दोन्ही बाजूंनी लोक हात हलवत होते. एल्डन घोड्यांच्या कानांकडे बघत म्हणाला, "कोटाच्या डाव्या खिशात पेपरमिंट आहे. हात मागे घाल, सापडेल."

मग खिशात बोटं शिरल्याचं त्याला जाणवलं. गोळीचा कागद वाजला.

"रस्त्याकडे बघू नकोस," तो म्हणाला. "लांब बघ."

"माहीत आहे."

वेंडल एका बाजूच्या लोकांकडे इतका मन लावून हात हलवू लागला की त्याची मान अवघडली असेल. बिचारा ऐकू येत असून न ऐकल्यासारखं करत होता.

"डॅडी," कोरीन म्हणाली, "मत कुणाला दिलंत?"

मेसिकांच्या घरात पणजोबापासून वेंडलच्याच पक्षाला मतं जात आली होती. एल्डनने बाकीच्या पदांची सगळी मतं तशीच दिली होती. एका जागी मात्र त्याचा हात दुसरीकडे गेला होता.

"तुला," तो म्हणाला. "एक दिलं. आणि किती घालवली, देव जाणे."

तिची पाठ फळीला तशीच टेकलेली राहिली, आणि एल्डनला तेवढंही पुष्कळ वाटलं.

बग्ग्या चौकाकडे वळल्या. तिथे गर्दी दाट होती. अग्निशमन केंद्रातली मंडळी पायऱ्यांवर उभी होती, रविवारच्या नाश्त्याची सगळी, हातात मांस भरलेले पाव. त्यातला बर्टिस नावाचा गडी, मनाने वाईट नाही पण तोंडाने फाटका, तोंडाशी हात नेऊन ओरडला, "काय गं कोरीन, स्क्रॅपल देऊ का एक? का नाही उतरायचं घशाखाली?"

लोक हसले. काही दुष्टपणे नाही, लग्नाच्या पंगतीत हसतात तसे. कोरीनही हसली असणार, कारण एल्डनने मान वळवली तेव्हा वेंडल तिच्या तोंडाकडे बघून नजर खाली घालत होता. पण एल्डनच्या पाठीला चिकटलेली ती पाठ एकदम ताठ झाली, लाकडासारखी. ते हसू तिचं नव्हतं, आणि ते वाक्य त्याचं होतं. पुढची सगळी वर्षं या जिल्ह्यात तिने पाय ठेवला की ते तिच्यापुढे वाढून ठेवलं जाणार होतं.

एल्डनने लगाम खेचला. घोड्या थांबल्या. त्याच्या आयुष्यात रिटर्न डेची मिरवणूक त्याच्या बग्गीमुळे कधी थांबली नव्हती. मागच्या बग्ग्याही थांबल्या, समितीचा माणूस धावत यायला निघाला.

"वेंडल," एल्डन म्हणाला, "वर ये. लगाम धर."

"काका?"

"विसरलास का हाकायला?"

"नाही, पण..."

"मग ये. पर्लला उजवीकडे जरा सैल सोड, नाहीतर रुसते."

वेंडल बाकावरून उंच बैठकीवर चढला आणि लगाम घेतला. एल्डन गुडघे सांभाळत, एक हात चाकावर ठेवत रस्त्यावर उतरला. कोट झटकला. पायऱ्यांवर आता कुणी हसत नव्हतं. मग तो दुसऱ्या बाजूने बग्गीत चढला. पुढे तोंड असलेलं बाक मोकळं होतं, पण तिकडे त्याने पाहिलंही नाही. तो उलट्या बाकावर, मुलीच्या शेजारी बसला.

"डॅडी, काय करताय?"

"हरलेल्यानं उलटं बसायचं असतं," तो म्हणाला. मग पायऱ्यांकडे वळून, नाश्त्याच्या टेबलावर ज्या आवाजात तो बोलायचा त्याच आवाजात म्हणाला, "बर्टिस, ती माझी पोर आहे. ती इथलीच आहे. चुकलो ते मी. आता हे पण वाजवा म्हणावं रेडिओवर."

बर्टिसने हातातला पाव खाली केला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरून उभा राहिला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नसावं. शेजारच्याने त्याला पाहून आपलीही काढली. चौकाच्या कडेला ओपल मैत्रिणींच्या घोळक्यात उभी होती, ती रुमालाने नाक पुसत होती आणि थंडीला शिव्या घालत होती.

"चल रे," एल्डन म्हणाला, आणि नव्या नायब राज्यपालाने बग्गी हाकायला घेतली. गर्दीतल्या एका बाईने नवऱ्याला विचारलं, "यातला जिंकला कोण?" नवरा म्हणाला, "तो काय, गाडीवान."

कोरीन समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती.

"एक सांगू?" ती म्हणाली. "स्क्रॅपल मला कधीच नाही आवडलं. वर गेल्यावर नाही, लहान होते तेव्हापासून. टेबलाखाली कुत्र्याला घालायचे."

एल्डन तिच्याकडे बघतच राहिला. "आपल्या रस्टीला?"

"मग तो एवढा जाडा कशानं झाला होता?"

आणि एल्डन हसला, पोटापासून, बग्गी हलेपर्यंत. तीही हसली, या वेळी स्वतःचं हसू. पुढे बसलेल्या वेंडललाही राहवलं नाही, त्याचे खांदे हलल्याचं फळीवरून दोघांच्या पाठींना कळलं. मग एल्डनला मध्येच थांबावं लागलं. रस्ता त्याच्या पायांखालून मागे पळत होता, घरं, माणसं, झाडं, सगळं त्याच्यापासून दूर दूर जात होतं. जन्मभर त्याने बग्गी हाकली होती, पण या बाकावर तो कधी बसला नव्हता. त्याच्या पोटात ढवळून आलं. कपाळावर थंडगार घाम आला आणि त्याने बाकाची कड घट्ट धरली.

"काय झालं?"

"काही नाही."

कोरीनने त्याचं तोंड पाहिलं. त्याच्या डाव्या खिशात हात घालून तिने एक गोळी काढली, कागद सोडवला आणि त्याच्या तोंडाशी धरली. त्याने लहान मुलासारखं तोंड उघडलं. मग तिने त्याचा कडेला घट्ट आवळलेला हात सोडवून आपल्या हातात घेतला.

"रस्त्याकडे बघू नका, डॅडी," ती म्हणाली. "लांब बघा."

त्याने लांब बघितलं. कोर्टाचा मनोरा दिसत होता, त्याच्यावर आभाळ होतं. हळूहळू पोट ठिकाणावर आलं, पण तिचा हात त्याने सोडला नाही.